चौथ्या खिडकीला बांधलेलं पेन

मी सुतळीने बांधलेलं पेन बोलतोय. आरोग्य विम्याच्या सरकारी कचेरीत, चौथ्या खिडकीला मला जखडून ठेवलंय. सुतळी जेमतेम वीतभर, त्यामुळे लिहिणाऱ्याला कमरेत वाकावंच लागतं. तेवढाच सरकारला मुजरा!

कारखान्यातून निघालो तेव्हा एका खोक्यात आम्ही शंभर भाऊ होतो. वाटलं होतं, एखाद्या शाळेत जाऊ, कुणाच्या प्रेमपत्रात रमू. कसचं काय, वाट्याला आले फॉर्म. टोपण पहिल्याच दिवशी हरवलं. "लोकांचा काही भरवसा नाही," म्हणत कारकुनाने मला बांधून टाकलं. गंमत बघा, दीड दमडीच्या पेनाबाबत भरवसा नाही, आणि त्याच पेनाने लोक जे खरडतात त्यावर मात्र डोळे मिटून शिक्का.

योजना तशी सोपी. कमाई कमी असेल तर विम्याचा हप्ता सरकार भरतं, जास्त असेल तर तुमचा तुम्ही भरा. कागदावर छानच आहे. कागदावर सगळंच छान दिसतं, हे मी नाही तर कोण सांगणार?

एका सकाळी फर्निचरवाले शेठ आले, गाडीची किल्ली बोटावर फिरवत. दुकान बायकोच्या नावावर, बंगला सासूच्या नावावर, स्वतःच्या नावावर फक्त पोट. उत्पन्नाच्या चौकटीत त्यांनी जो आकडा लिहिला, त्यात त्यांच्या कुत्र्याचंही भागलं नसतं. हप्ता माफ झाला.

"झकास योजना आहे हो! लोक उगाच रडतात," शेठ म्हणाले, आणि खिडकीशीच रेंगाळत राहिले.

त्यांच्या मागे शिवणकाम करणारी एक ताई होती. तिचा नवरा गवंडी, त्याच्या हृदयाची झडप बिघडलेली. ऑपरेशन पुढच्या सोमवारी. त्याआधी विमा चालू झाला नाही तर तारीख हुकणार, आणि डॉक्टरांनी थांबू नका म्हणून बजावलेलं. फॉर्ममध्ये विचारलं होतं, मागील महिन्याचे उत्पन्न. मागच्या महिन्यात शाळा उघडणार होत्या आणि बाईने गणवेशांचे ढीगच्या ढीग शिवले होते. असा महिना तिला वर्षातून एकदा दिसायचा. तिने खरा आकडा लिहिला. वर कौतुकाने तो गिरवून ठळकही केला. अगं बाई, थांब, असं मी जीव तोडून ओरडत होतो. पण पेनाचं कोण ऐकतंय?

कारकुनाने त्या आकड्याला बाराने गुणलं. "ताई, तुम्ही योजनेत बसत नाही. पूर्ण हप्ता भरा."

"अहो साहेब, असं काम दर महिन्याला कुठलं? एरवी मी उसवलेले कपडे शिवत बसते."

"फॉर्म मागच्या महिन्याचं विचारतो. दुरुस्ती आता पुढच्या महिन्यात."

"खरं कशाला लिहिलंत, ताई?" शेठ मध्येच बोलले. "इतकं भोळं राहून चालतं का?"

"मला वाटलं, सही करायची म्हणजे खरंच लिहायचं," ती म्हणाली.

शेठ हसले. त्यांच्याबरोबर कारकूनही हसला. मला त्या हसण्याची शिसारी आली.

शनिवारी ती पूर्ण हप्ता घेऊन हजर.

"सोय झाली म्हणायची," कारकून म्हणाला.

"मशीन विकलं."

ऑपरेशन झालं, गवंडी वाचला. योजनेने वाचवलेल्यांच्या यादीत त्याचंही नाव चढलं असणार. तिथे कुठे मशीनचा रकाना असतो?

महिन्याभराने ती दुरुस्तीसाठी आली. व्यवसायाच्या रकान्यात सवयीने 'शि' लिहून थांबली, ते खोडलं आणि लिहिलं, काही नाही. उत्पन्न, शून्य. हेही खरंच होतं.

कारकुनाचा चेहरा खुलला. "बघा ताई, आता तुम्ही बसता योजनेत! हप्ता माफ."

"आणि उद्या मशीन परत घेतलं तर?"

"मग नाही बसणार."

माझ्या सुतळीला पडलेली गाठ तिने सोडवली आणि मला सरळ करून ठेवलं. इतक्या वर्षांत ते कुणी केलं नव्हतं.

आता माझी शाई सरत आलीय. शेठची सही उमटवायला शेवटचा थेंब लागू नये, एवढीच इच्छा. आणि साहेब, माझ्या जागी नवं पेन बांधाल तेव्हा सुतळी जरा लांब ठेवा. खरं लिहिणाऱ्याला निदान ताठ उभं राहून लिहू द्या.