मालामोच्या दोरीवरची लाल घोंगडी

आसिमिनाचा नवरा कुणी पळवून नेईल, असं तिला लग्न झाल्यापासून एकदाही वाटलं नव्हतं. नेऊन करणार काय त्याचं? आर्गीरिस म्हणजे राळ काढणारा माणूस. जन्मभर पाइनच्या झाडांना चरे पाडले, खाली डबे बांधले, भरले की पाठीवरून उतरवले. हात चिकट, कपडे चिकट, बोलणं दिवसाला चार वाक्यं, त्यातलं एक मीठ मागायला. अशा माणसावर दुसऱ्या बाईची नजर गेली, तर आधी त्या बाईचे डोळे तपासून घ्यावेत.

आणि तरी आता रोज संध्याकाळी देवळाची घंटा झाली की तो टोपी चढवायचा, कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालायचा आणि खालच्या अंगाला मालामोच्या दारात जाऊन बसायचा.

मालामो विधवा. शेळ्या पाळायची. गेल्या ऑगस्टात डोंगर पेटला त्यात तिचं घर गेलं, तेव्हापासून सरकारने दिलेल्या पत्र्याच्या खोलीत राहत होती. दिसायला कशी म्हणून आसिमिनाला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, शेळ्या बऱ्या.

आग गावावर उतरली त्या दिवशी पोलिसांनी सगळ्यांना किनाऱ्यावर हाकललं आणि फेरीबोटीत भरलं. आसिमिनाच्या पायात घरातल्या सपाता होत्या आणि छातीशी माता मरियेची तसबीर. आर्गीरिस ट्रॅक्टर आणि पाण्याची टाकी घेऊन मागे राहिला. हट्टाने राहिलेले आणखी थोडे होते, त्यात शेळ्या सोडून येणार नाही म्हणणारी मालामो. लोक परतले तेव्हा आसिमिनाचं घर उभं होतं, जंगल नव्हतं. राळ काढायला झाड म्हणून उरलं नव्हतं.

तेव्हापासून गावात दोन जाती झाल्या. राहिलेले आणि गेलेले. राहिलेले एकमेकांकडे बघायचे आणि गप्प बसायचे, आणि ते गप्प बसणंसुद्धा असं, की गेलेल्याने मधे खुर्ची ओढू नये. आसिमिनाला आयुष्यात कुणी कुठल्या पंगतीतून उठवलं नव्हतं. आता तिच्याच नवऱ्याच्या शेजारी तिला जागा नव्हती, आणि त्या शेळीवालीला होती.

घरात तो नुसता बसून असायचा. झोपायचा नाही. झोप लागलीच तर घाबरून उठायचा आणि छपराकडे बघत राहायचा. हिवाळाभर त्याने शेकोटी पेटवू दिली नाही, शहरातून विजेचा हीटर आणला. "म्हातारपणी साहेब झालाय," आसिमिना सगळ्यांना सांगायची. "लाकडाचा धूर चालत नाही त्याला."

अथेन्सहून एक मुलगी येऊन दर गुरुवारी शाळेत बसायची. मनाची डॉक्टर. ती घरोघर फिरत एकदा आसिमिनाच्या दारात आली. आसिमिनाने रीतीप्रमाणे चमचाभर चेरीचा मुरंबा आणि गार पाणी पुढे केलं.

"काका झोपतात का हो काकू?"

"झोपतात की. दिवसा."

"आणि तुम्ही?"

"मला काय धाड भरलीय? खा बाळ, पाणी पी आणि जा. या घरात वेडं कुणी नाही. वेड खाली पत्र्याच्या खोलीत आहे, तिकडे बघ."

खरा सल्ला दिला तो पाद्र्याच्या बायकोने, एवान्थियाने. ती कॉफी प्यायला आली की गावातल्या सगळ्या खिडक्या बरोबर घेऊन यायची.

"नजर लागलीय गं तुझ्या माणसाला," ती म्हणाली. "घर गेलेली बाई घर वाचलेल्याकडे कशी बघेल? तू शनिवारचा एकदा धूप दाखवतेस, तेवढ्याने भागायचं नाही. रोज दाखव. त्याच्या डोक्यावरून फिरव."

आसिमिनाने मनावर घेतलं. बाजारचा धूप तिला आवडत नसे. माळ्यावर आर्गीरिसने शेवटच्या हंगामात काढलेल्या राळेचा डबा होता, त्यातले चांगले सोनेरी खडे तिने निवडले. रोज घंटा झाली की धुपाटण्यात निखारा ठेवायचा, वर खडा टाकायचा, आधी तसबिरीपुढे, मग चारी कोपऱ्यांत, मग नवऱ्याच्या डोक्यावरून तीनदा. दुसऱ्या फेरीतच तो उठायचा, टोपी घ्यायचा आणि निघायचा. ती मागून धुपाटणं घेऊन दारापर्यंत जायची.

"बघ!" एवान्थिया म्हणाली. "त्याच्यात जे शिरलंय ना, ते धुपाला घाबरतं. सोडू नकोस."

आसिमिनाने दोन खडे टाकायला सुरुवात केली. तो लवकर निघू लागला.

मग एके दिवशी एवान्थिया खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाली, "तुझी ती लाल घोंगडी, आईने विणलेली, कुठंय गं?"

"पेटीत. का?"

"नाही, मालामोच्या दोरीवर तशीच एक पाहिली म्हणून विचारलं. तशी असतात म्हणा सारखी."

सारखी नसतात. आसिमिनाच्या आईने काठाला काळी नक्षी उलटी विणली होती, चुकून, आणि उसवायचा कंटाळा केला होता. आसिमिनाने पेटी उघडली. चादरी होत्या, झालरी होत्या, घोंगडी नव्हती. कॉफी उकळून शेगडीवर सांडली तरी ती पेटीपाशीच उभी होती. तिने डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत, खाली निघाली.

"मालामो! बाहेर ये!"

"बाहेरच आहे. दिसत नाही का?" मालामो शेळीच्या पोटाखाली बादली धरून बसली होती.

"ही घोंगडी कुणाची?"

"तुझी."

आसिमिनाने वाटेत सगळी तयारी केली होती ती 'माझी' ऐकायची. तिचे चार चांगले शब्द फुकट गेले.

"माझ्या लग्नाच्या पेटीतली आहे ती! तुझ्या दोरीवर काय करतेय?"

"वाळतेय."

"निर्लज्ज कुठली! आधी नवरा, मग घोंगडी. उद्या चुलीवरचं पातेलं न्यायला येशील!"

"हात लाव तिला," मालामो बादली न सोडता म्हणाली. "आधी हात लाव, मग शिव्या घाल. मी कुठे पळतेय?"

आसिमिनाने घोंगडी ओढली. मधे मूठ जाईल एवढी भोकं होती, कडा करपून कडक झालेल्या. उलटी नक्षी अर्धी उरली होती.

"तुझ्या छपराला लागली होती," मालामो म्हणाली. "तुझ्या माणसाने पेटी उघडली, हाताला आलं ते टाकीत बुडवलं आणि वर फेकलं. मी ही डोक्यावर घेतली आणि झोडपत राहिले."

"तू? माझ्या छपरावर?"

"मग काय तुझा जावई होता? माझं घर तोवर बसलं होतं. हात मोकळेच होते."

आसिमिनाने मान वळवून चढणीवरचं आपलं छप्पर पाहिलं. मालामोने शेळीला ढकललं आणि बादली उचलली. "म्हटलं धुऊन द्यावी. किती वेळा धुतली. साबणाने, राखेने, व्हिनेगरने. वास जात नाही."

"आणि माझा नवरा?" आसिमिना म्हणाली. "तोही धुवायलाच ठेवलायस का?"

मालामो हसली. मग हसायची थांबली.

"तो माझ्यासाठी येत नाही गं. येतो, त्या भिंतीमागे जातो आणि ओकतो. मग तोंड धुतो, बसतो. वास विरला की घरी जातो."

"कसला वास?"

"मला विचारतेस? तुझ्या घरातून येतो तो. रोज, घंटेबरोबर. वारा खाली असला की मीसुद्धा दार लावून घेते. डोंगर पेटला तेव्हा दुसरं काय जळत होतं, आसिमिना? राळच ना? त्याच्या हाताने काढलेली."

"तो देवाचा धूप आहे!"

"असेल. माझ्या नाकाला कळत नाही. जा, आत बघ."

आसिमिनाने आत डोकावलं. कोपऱ्यात तसबीर होती, तिच्यापुढे विजेचा इवलासा दिवा. धुपाटणं नव्हतं. एरवी हे पाहिलं असतं तर ती गावभर सांगत सुटली असती, की ही बाई देवाला विसरली.

शेकोटीचा धूर चालत नाही, हे तिनेच तर गावाला सांगितलं होतं. पण धुपाचा धूर म्हणजे धूर नव्हेच. तिच्या आईने तसंच मानलं, आजीने मानलं. तो वर जातो, नाकात जात नाही.

"तो मला का नाही बोलला?" ती म्हणाली.

"देवाचा धूप बंद कर असं तुला कोण सांगणार? पाद्री तरी सांगेल? आणि तुझ्यापुढे बोलायचं तर मधे जागा सापडावी लागते."

"तुला सापडते वाटतं."

"मला बोलायला त्या पोरीने शिकवलं. गुरुवारी जाते ना मी शाळेत. तूच नाही का पाठवलीस तिला माझ्याकडे? बरी आहे. ऐकते."

म्हणजे तेही हिलाच मिळालं. आसिमिनाने घोंगडी पुन्हा दोरीवर टाकली, सुरकुत्या नीट केल्या.

"वाळू दे अजून. वास गेला की घेऊन ये. स्वतः ये, कुणाबरोबर पाठवू नकोस. कॉफी ठेवीन."

"नाही गेला तर?"

"तरी ये," आसिमिना म्हणाली आणि चढण चढू लागली.

जळफळाट थांबला नव्हता, फक्त त्याची जागा बदलली होती. नवरा दुसऱ्या बाईकडे गेला असता तर तिने त्याला कानाला धरून आणलं असतं, ते तिला जमलं असतं. पण तो कशाने तडफडतोय हे शेळ्या राखणारीला कळलं, एका परक्या पोरीला दारातूनच अंदाज आला, आणि ती, जी त्याच्या सदऱ्याचं बटण तुटायच्या आधी ओळखायची, ती रोज दोन खडे टाकत होती. निवडून.

घंटा झाली. तिने सवयीने धुपाटणं काढलं. आर्गीरिसचा हात टोपीकडे गेला. तिने धुपाटण्याकडे पाहिलं, मागच्या दाराने गेली, ते लाकडांच्या ढिगामागे ठेवलं आणि परत आली. तसबिरीजवळ देवळातल्या पाण्याची बाटली होती. तिने वाटीत पाणी ओतलं, कुंडीतली तुळशीची काडी मोडून त्यात बुडवली आणि चारी कोपऱ्यांत शिंपडलं. चार थेंब टोपीवर पडले.

"धूप?" आर्गीरिस म्हणाला.

"संपला."

"डबा अर्धा आहे माळ्यावर."

"संपला म्हटलं ना."

तो टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. आसिमिनाने जीभ दातांखाली धरली. पोटचं पोर जन्माला घालताना तिला एवढे कष्ट पडले नव्हते. बाहेर कोंबड्या खुराड्यात चढल्या, एकमेकींशी भांडल्या, गप्प झाल्या.

"तू बोटीच्या कठड्याशी उभी होतीस," तो म्हणाला.

तिने हातातली वाटी खाली ठेवली.

"तसबीर धरून. मी टाकी भरत होतो किनाऱ्यावर. मग धूर खाली आला समुद्रावर. तुझं तोंड दिसलं, मग दिसेना. मग सगळं लाल झालं. मला वाटलं, बोट पेटली." त्याने टोपी फिरवली. "पहाटेपर्यंत मला वाटत होतं, बोट पेटली. फोन लागत नव्हते. तुझं छप्पर विझवत होतो आणि वाटत होतं, कुणासाठी विझवतोय."

त्याची नजर तसबिरीकडे गेली. मग म्हणाला, "आता तू ते धुपाटणं घेऊन समोर येतेस ना. धुरात तोंड दिसतं. मग दिसत नाही."

आसिमिनाने रुमालाचं टोक दोनदा बांधलं आणि सोडलं. विचारू नये असं तिला कळत होतं. तरी तिने विचारलं.

"हे मालामोला सांगितलंस?"

"नाही."

"त्या शाळेतल्या पोरीला?"

"कुठली पोरगी?"

"बरं," आसिमिना म्हणाली. किती तरी महिन्यांनी तिच्या जिवाला गार वाटलं, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही. ती उठली, त्याच्या हातातली टोपी काढून खुंटीला लावली. "गुरुवारी शाळेत जायचं. ती पोरगी ऐकते म्हणतात. मी बाहेर बाकावर बसेन."

"दाराला कान लावशील."

"लावीनच," ती म्हणाली. "मला आधी सांगितलंयस. तिला काही जास्तीचं सांगितलंस तर बघ."

आर्गीरिसच्या तोंडाचा कोपरा हलला. हसू असेल, नसेलही. मग त्याने मीठ मागितलं, जेवण पुढे आलेलं नसताना.