जुने प्रिंट, निम्मी किंमत

जळगावच्या फोटो प्रदर्शनाचा शेवटचा दिवस उजाडला आणि नूतनने वडिलांना न विचारताच भिंतीवर चिठ्ठी लावली: जुने प्रिंट निम्म्या किमतीत. तिचे वडील प्रेमराज शिरपूरचे. सातपुड्याच्या पायथ्याची माणसे टिपण्यात आणि घरच्या डार्करूममध्ये त्यांचे प्रिंट काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. समोरच्या भिंतीवरचे लेकीचे रंगीत फोटो सकाळपासून खपत होते. प्रेमराजांच्या भिंतीपाशी पंखा होता म्हणून लोक थांबत, घाम पुसत आणि पुढे जात.

"हा काय साड्यांचा सेल आहे?" त्यांनी विचारले.

"नाना, साड्या तरी जातात," नूतन म्हणाली.

चिठ्ठी फाडायला त्यांनी हात नेला आणि तसाच खाली घेतला. मोहाच्या झाडाखाली बसलेल्या, पाड्यावरच्या वेस्ताचा प्रिंट तेवढा कुणाच्या तरी घरात लागावा, एवढीच त्यांची इच्छा होती. वेस्ता वारला होता, नेगेटिव्हला बुरशी लागली होती. उरला होता हा एकच कागद. आपल्यामागे तो माळ्यावर पडणार हे त्यांना दिसत होते. त्यापेक्षा निम्म्या किमतीत गेलेला बरा, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

दुपारी भडगावच्या बेबाबाई आल्या आणि थेट वेस्तापुढे थांबल्या. बराच वेळ बघत राहिल्या. फ्रेमच्या कडेवरून बोट फिरवले. प्रेमराज खुर्चीतून उठले. हा माणूस कोण, झाड कुठले, त्या दिवशी उजेड कसा पडला होता, सगळे त्यांनी सांगितले. बाईंनी ऐकून घेतले आणि पैसे दिले. प्रेमराजांचा चेहरा खुलला.

मग त्या संकोचून म्हणाल्या, "भाऊ, फोटो काढी ल्या. माले फ्रेमच जोयजे. आमना आबाना फोटो लावना शे."

सासरे वारले होते, उद्या उत्तरकार्य होते आणि फ्रेमवाले रविवारचे बंद होते. पिशवीतून त्यांनी आबांचा फोटो काढून फ्रेमवर धरला. माप बरोबर बसत होते. प्रेमराजांच्या बाकीच्या फ्रेमा लहान होत्या. तुमचा फोटो तुम्हालाच राहू द्या, असेही बेबाबाईंनी मनापासून सांगितले.

नूतन पैसे परत करायला निघाली तेव्हा प्रेमराजांनी तिला थांबवले. घरात सुतक असलेल्या बाईला रिकाम्या हाती कसे पाठवायचे? त्यांनी फ्रेम पालथी घातली, खिळे उपसले, पुठ्ठा काढला. कागद निघेना. कित्येक पावसाळ्यांची ओल खाऊन तो काचेला चिकटला होता. त्यांनी कोपरा ओढला तसा वेस्ताचा खांदा हातात आला. चेहरा काचेवरच राहिला.

"जपीसन, भाऊ," बेबाबाई काळजीने म्हणाल्या. "काच फुटी जाई."

नूतनने तोंड फिरवले. प्रेमराजांनी ओला फडका मागितला आणि वेस्ताच्या कपाळापासून पुसायला सुरुवात केली.