हिवाळ्यातला कांदा

माझा भाऊ अश्वजित कोरपन्याकडं रस्त्याच्या कामावर होता. मे महिन्यात काम करता करता ऊन लागून गेला. तेव्हापासून त्याच्या बायकोनं, हर्षानं, उन्हाशी वैरच धरलं. खिडक्याले जाड पडदे, कपडे घरातच वाळायचे, बाजार दिवे लागल्यावर. पोरगी खुशबू कॉलेजातून आली की दार बंद. मी नणंद, शेजारीच राह्यते. बोलली असती तं कजाग ठरली असती, म्हणून चार वर्सं तोंड शिवून होती. तोंड शिवणं माझ्या स्वभावात नाई, सांगून ठेवते.

यंदा हर्षाले खाली बसलं की उठता येईना. मीच हात देऊन उठवायची. हाडं ठणकायची, शुगर तं आधीचीच होती. चंद्रपूरच्या डॉक्टरनं रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व पार तळाले गेलेलं.

"शुगरशी याचा संबंध असू शकतो, पक्कं सांगता येत नाही," डॉक्टर म्हनले. "पण हाडं कच्ची झाली आहेत, हे नक्की. पडल्या तर खुबा मोडेल."

हप्त्याले एक पुडी लिहून दिली, अन् दहा-अकराचं ऊन अंगावर घ्याले सांगितलं. पुडी घेतली बाईनं. ऊन नाई.

"सारं चंद्रपूर उन्हानं करपते, अन् तुले त्याचाच दुष्काळ," मी शेवटी बोललीच. "त्याले उन्हानं नेलं. तुले सावली नेऊन राह्यली."

ती पडद्याकडं पाहत बसली. मले माझ्याच जिभेचा राग आला.

मग एक दिवस खुशबू जिन्यातच बसली. "आई, मांड्या भरून येतात. चढवत नाई." तिचंही रक्त तपासलं, तिचंही तेच निघालं. त्या दिवशी हर्षा रडली. नवऱ्याच्या मातीलेही अशी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिनं स्वतः दार उघडलं. डिसेंबरचं ऊन, अंगाले गोड लागणारं. भिंत धरत धरत ती पोरीले घेऊन अंगणात आली. पदराच्या गाठीत कांदा बांधलेला. खुशबूच्या ओढणीतही एक.

आमच्याकडं उन्हाळ्यात लोक कांदा जवळ ठेवतात, लू लागू नये म्हणून. हिवाळ्यात कोणी ठेवत नाई. टोमणा माझ्या ओठावर आलाच होता.

"बाई, त्या दिवशी घरात कांदा नव्हता," हर्षा म्हनली. "मी त्याइले म्हनलं, एका दिवसानं काय होते."

कांद्यानं तो वाचला नसता, हे मले कळते. मी तिच्याजवळ गेली अन् माझा पदर पुढं केला.

"मलेही दे एक," म्हनलं.

तिनं आत जाऊन आणला, अन् घट्ट गाठ मारून दिली.