घेरावातला डबा

प्रीती ही जगातली सगळ्यांत बलाढ्य शक्ती आहे. तिच्यापुढं तोफा गप्प झाल्या, सिंहासनं डळमळली, आणि चौऱ्याहत्तर साली कुपवाडच्या एका लोखंडाच्या ओतशाळेत तिनं सगळ्यांत आधी कामगारांच्याच युनियनची पंचाईत केली.

याला कारण याकोबा. खरं नाव याकोब. पण ओतशाळेतली निम्मी माणसं जतकडची, बिरोबाला मानणारी. नुसतं याकोब म्हणणं त्यांना अर्धवट वाटायचं, म्हणून त्यांनी त्याचा याकोबा केला. याकोबानं हरकत घेतली नाही.

तो मूळचा लोणंदचा. वडील जोतिबा तिथल्या स्टेशनात सांधेवाले होते आणि ख्रिस्ती होते. नाव जोतिबा आणि रविवारी चर्चमध्ये, याचं लोणंदमध्ये कुणाला काही वाटत नसे. या जोतिबांनी घराला एक नेम घालून दिला होता. सकाळी चहाच्या आधी शास्त्रातला एक भाग वाचायचा, त्यावर थोडा वेळ गप्प बसायचं, आणि जे वाचलं ते दिवस मावळायच्या आत करायचं. भाग ओळीनं घ्यायचे. निवडायचे नाहीत, गाळायचे नाहीत. कुणी का म्हणून विचारलं तर ते म्हणायचे, "सिग्नल बघायचा आणि गाडी सोडायची न्हाई, मग बघायचा कशाला?"

मनन तसं पुष्कळ लोक करतात. त्यानं सहसा कुणाला इजा होत नाही. याकोबाच्या घरातलं मनन मात्र संध्याकाळपर्यंत रस्त्यावर यायचं. पाय धुण्याचा भाग लागला त्या दिवशी त्यानं भट्टीवरच्या जोडीदाराचे, गुंडाचे, पाय धुतले. गुंडा त्यानंतर कितीतरी दिवस विचारत होता, "खरं सांग रं, माझ्याकडं काय काम काढलंयस?" फक्त वंशावळी लागल्या की याकोबाला आणि त्याच्या बायकोला, मनुबाईला, सुट्टी असायची. अमक्याला तमका झाला आणि तमक्याला फलाणा झाला, हे काही संध्याकाळपर्यंत करून दाखवण्यासारखं नव्हतं.

तर त्या वर्षी गुंडाच्या पायावर वितळलेल्या लोखंडाचा रस सांडला. पायात चप्पल होती. भट्टीपुढं सगळ्यांच्याच पायात चपला असायच्या, याकोबाच्याही. युनियननं बूट आणि हातमोजे मागितले. मालक लालासाहेब म्हणजे कुंडलकडचे ऊसवाले, लष्करातून सुभेदार होऊन आलेले. कारखाना ते पलटणीसारखा चालवायचे. फक्त पलटणीत बूट सरकार देतं, एवढं त्यांच्या ध्यानातून गेलं होतं. ते म्हणाले, "आमच्याकडं माणसं अनवाणी उसात शिरतात. तुम्हाला चपला आहेत."

अर्ज झाले, विनवण्या झाल्या. शेवटी युनियनचा पुढारी बिराप्पा यानं सगळ्यांना भट्टीमागं गोळा केलं.

"उद्या घेराव," तो म्हणाला. "मालक केबिनीत बसला की आपण भवतीनं बसायचं. पाणी द्यायचं, खायाला न्हाई. दुपारी त्याच्या म्होरं आपले डबे उघडायचे. सांच्यापतूर सही करतंय बघा."

बिराप्पा जतकडचा. दुष्काळात वाढलेला. भुकेच्या जोरावर त्याचा पूर्ण विश्वास होता. आजपासनं मालक आपला वैरी, असं म्हणून त्यानं कोण कोण येणार ते विचारलं. सगळ्यांनी हात वर केले. याकोबानंही केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचायची पाळी मनुबाईची होती. तिनं पान काढलं आणि वाचलं. तुझा वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाल, असा भाग होता.

याकोबा बराच वेळ गप्प बसला. नेमात थोडाच वेळ सांगितला होता.

"वंशावळी संपल्या का गं?" त्यानं विचारलं.

"कवाच."

"एखादी ऱ्हायली असंल. बघ की."

"न्हाई ऱ्हायली."

"तसं बघितलं तर लालासाहेब वैरी न्हवं. मालक हाय त्यो."

"मग काल हात कशाला वर केलासा?"

याकोबा म्हणाला, "बरं, दोन भाकरी ज्यादा थाप."

"वैरी तुमचा, डबाबी तुमचा," मनुबाई म्हणाली. "मी पीठ वैऱ्याला हिशोबात धरून आणत न्हाई."

घेराव ठरल्याप्रमाणं झाला. लालासाहेब सकाळी केबिनीत जाऊन बसले आणि काचेच्या बाहेर माणसं मांडी घालून बसली. घोषणा झाल्या. लालासाहेब ताठ बसून राहिले. दुपारी बिराप्पानं खूण केली आणि सगळ्यांनी डबे उघडले. ठेच्याचा वास पत्र्याच्या शेडमध्ये पसरला आणि काचेच्या आतसुद्धा गेला, कारण मालकाच्या मिशा हलल्या.

तेव्हा याकोबा आपला बंद डबा घेऊन उठला. मार खायची त्याला भीती होती. पण संध्याकाळी घरी जाऊन "न्हाई जमलं" असं मनुबाईला सांगायची त्याहून जास्त होती.

"कुठं रं?" बिराप्पानं विचारलं.

"आत."

"कशाला?"

"डबा द्यायला."

"कुणाला?"

"आत एकच माणूस हाय."

जेवणारी तोंडं थांबली. बिराप्पा उठून दारात आडवा उभा राहिला.

"अरं बाबा, तुला कळतंय का काय करतूयास? आपल्या हातात ही एवढीच गोष्ट हाय. त्यो पोटभर जेवला तर उद्याबी बसंल, परवाबी बसंल. बूट गेले म्हणून समज. गुंडाचा पाय बघ जरा."

याकोबानं बघितला. पट्टी बांधलेला पाय गुंडानं एका पोत्यावर ठेवला होता. याकोबानं डबा काखेत घट्ट धरला.

"बूट सोडायचे न्हाईत," तो म्हणाला. "त्यो जेवला की मी ह्या दारात बसतो. जेवू घालीन, जाऊ देणार न्हाई."

"तुला युनियनमधनं काढीन मी."

"काढ. तरीबी मी दारात बसणार."

"तुझं शास्त्र मालकाच्या बाजूचं दिसतंय."

"मालकाच्या न्हाई. मालकाच्या पोटाच्या."

"बाजूला हो म्हणून सांगतूय."

"तू हो बाजूला. मला मारायचं तर मार, मी हात उचलणार न्हाई. पण आत जाणार."

बिराप्पाला मारायला हरकत नव्हती. पण न मारणाऱ्याला मारायची त्याला सवय नव्हती. त्यानं गुंडाकडं बघितलं. पाय गुंडाचा होता.

"जाऊ द्या त्याला," गुंडा म्हणाला. "ह्यो पाय त्यानं धुतलेला हाय. तवाबी मला काय कळलं न्हवतं, आताबी कळंना."

याकोबा आत गेला. त्याला बघून लालासाहेबांचा चेहरा फुलला.

"शाबास. मला ठाऊक होतं, एक तरी माणूस शहाणा निघणार. तुम्ही ख्रिस्ती लोक शांतीची माणसं."

"शांतीचाच हाय साहेब. म्हणून तर नुसतं बसतूय."

"उद्यापासनं तू मुकादम. जा, मागच्या दाराची बाहेरची कडी काढ."

"कडी निघणार न्हाई. मुकादमबी नको. बूट पायजेत."

लालासाहेबांनी डब्याकडं बोट केलं. "मग हे काय आहे?"

"भाकरी."

"ती दिसतेय. आणलीस कशाला?"

"तुमी उपाशी हाय म्हणून."

"आत काय घातलंय?"

"ठेचा."

लालासाहेबांनी डबा सरकवून दिला. "सुभेदार आहे मी. शत्रूच्या हातचं खात नाही."

"आमच्यात शत्रूलाच घालावं लागतंय," याकोबा म्हणाला आणि डबा परत पुढं सरकवला. "सकाळी वाचलेलं दिवस मावळायच्या आत करायचं, असा घरचा नेम हाय. तुमी खाल्ल्याबगार मी हलणार न्हाई."

"मला हुकूम देतोस?"

"व्हय साहेब. बूट मागितले ती विनंती हुती. ह्यो हुकूम हाय."

असं कुणी लालासाहेबांशी पलटण सोडल्यापासून बोललं नव्हतं. कदाचित त्यामुळंच असेल, कदाचित वासामुळं असेल; त्यांनी डबा उघडला. मनुबाईचा ठेचा काही माणसाचा हुद्दा बघून जाळ कमी करणारा नव्हता. दुसऱ्या घासाला सुभेदारांच्या डोळ्यांना पाणी आलं. काचेबाहेर लगेच बातमी पसरली की मालक रडाय लागला.

याकोबा ठरल्याप्रमाणं येऊन दारात बसला. आत भरल्या पोटाचा मालक, दारात रिकाम्या पोटाचा याकोबा, आणि बाहेर डोकं धरून बसलेला बिराप्पा. घेरावाचा असा नमुना सांगली जिल्ह्यात आधी कुणी बघितला नव्हता.

एवढ्यात पोलिसांची जीप आली. मालकांच्या घरच्यांनी कळवलं होतं. फौजदार उतरले, दोन शिपाई उतरले, आणि काठ्या वाजल्या.

"घेराव कुणी घातलाय?"

बिराप्पा हुशार माणूस होता. त्यानं काचेतून बघितलं. मालक मिशा पुसत होते, पुढ्यात डबा होता. त्या डब्याचा उपयोग त्याला पहिल्यांदाच दिसला.

"घेराव?" तो म्हणाला. "कसला घेराव साहेब? मालक जेवत्यात. जेवू तर द्या बिचाऱ्यास्नी."

फौजदारांनी आत बघितलं. डबा खरा होता. ते दारात बसलेल्या याकोबाकडं वळले.

"काय रे, साहेबांना बाहेर जायचं असलं तर जाऊ देशील का?"

फौजदारांच्या पाठीमागून बिराप्पा डोळ्यांनी, मानेनं आणि दोन्ही हातांनी 'व्हय म्हण' असं सांगत होता.

"न्हाई साहेब," याकोबा म्हणाला.

"म्हणजे अडवून ठेवलंय?"

"व्हय. मीच अडवलंय. जेवूबी मीच घातलंय."

बिराप्पा खाली बसला. फौजदारांनी टोपी काढून परत घातली. अडवल्याचं कलम त्यांना माहीत होतं. जेवू घातल्यानं ते वाढतं की कमी होतं, हे माहीत नव्हतं.

"चल, जीपमध्ये बस."

"बूट मिळाल्याबगार उठणार न्हाई. तुमाला उचलून न्यायचं तर न्या. मी जड हाय, पण हात उगारणार न्हाई. आणि सोडलंसा की परत हितंच येऊन बसणार, आधीच सांगतो."

फौजदारांनी त्याच्या कॉलरला हात घातला.

"थांबा," केबिनीतून आवाज आला. लालासाहेब उठून उभे राहिले होते. "त्याला हात लावू नका. त्याची भाकरी माझ्या पोटात आहे. ती पचेपर्यंत तरी नाही."

"किती वेळ लागेल?" फौजदारांनी विचारलं.

"ठेचाही आहे. सांगता येत नाही."

फौजदार जीपमध्ये जाऊन बसले. त्यांना चहा देण्यात आला. तो युनियननं दिला की मालकांनी, यावर पुढं वाद झाला.

लालासाहेबांनी बिराप्पाला आत बोलावलं आणि मागण्यांचा कागद मागितला.

"एक ध्यानात ठेव," ते म्हणाले. "आम्ही सरहद्दीवर बर्फात उपाशी बसलोय. तू मला पार वाळवलं असतंस तरी सही मिळाली नसती. उपाशी शिपायानं सही केली तर तिला शरणागती म्हणतात. आता माझं पोट भरलंय. आता करीन ते माझ्या मर्जीनं."

"व्हय साहेब, तुमच्याच मर्जीनं," बिराप्पा म्हणाला. त्यानं शाईचं पेन मर्जीच्या जवळ ठेवलं.

लालासाहेबांनी कागद वाचला. काचेतून गुंडाचा पाय दिसत होता, तिकडं त्यांनी एकदाच बघितलं. मग दोन शब्द आपल्या हातानं वाढवले आणि सही केली. 'बूट' याच्या आधी त्यांनी 'लष्करी पद्धतीचे' असं लिहिलं होतं.

"आणि रोज सकाळी पॉलिश दिसलं पाहिजे," ते म्हणाले.

बाहेर एकच गलका झाला. गुंडाला दोघांनी उचललं. बिराप्पा याकोबापाशी आला. त्याला आनंद झाला होता आणि तो त्याला लपवता येत नव्हता, म्हणून तो रागानं बोलला.

"युनियनमधनं काढीन म्हणालो, ते परत घेतलं. पण ऐक, पुढच्या येळंला घेरावाच्या आधी तुझ्या घरात काय वाचणार हायेत ते मला आदुगर कळवायचं."

"आमाला तरी कुठं कळतंय आदुगर."

"मग वंशावळी आल्या की सांग. त्याच दिवशी घेराव घालू."

आता सगळ्यांनी याकोबाला धरलं. भाषण पाहिजे म्हणाले. त्याला साच्याच्या एका उपड्या पेटीवर उभा केला. जतकडची माणसं याकोबाच्या नावानं चांगभलं म्हणाली, आणि त्याला ते थांबवता आलं नाही. फौजदार कप हातात घेऊन जीपमधून उतरले. लालासाहेब केबिनीच्या दारात हात मागं बांधून उभे राहिले. वैऱ्यावर प्रीती करून बूट मिळवणारा माणूस काय बोलतो, हे सगळ्यांनाच ऐकायचं होतं.

याकोबानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि घसा साफ केला.

"कुणाच्या डब्यात कोरभर भाकरी उरली असंल," तो म्हणाला, "तर बघा की जरा."