उंदरांनी न खाल्लेलं औषध

सेगेड शहरातल्या प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात उंदरांचं खाणंपिणं मी एकवीस वर्षं बघतोय. बोरोका ही तिथली डॉक्टरीण. पित्तनळ्या आकसत जाऊन यकृत निकामी होतं, त्या आजारावर ती औषध शोधत होती. माणसाला हा आजार वर्षानुवर्षं पोखरतो. उंदरांना तो आम्ही मुद्दाम लावतो, खुराकात विषारी पूड कालवून. निम्म्या उंदरांच्या खुराकात तिचं औषधही असायचं.

औषधवाल्यांची यकृतं लागोपाठ तीनदा चांगली निघाली. बोरोकानं आनंदानं सगळ्यांना खसखशीचे गोड रोल वाटले. लोरिंत्स नावाच्या निवृत्त मास्तरांना हाच आजार होता. अंग खाजवून खाजवून त्यांचे हात सोललेले असायचे. त्यांनाही तिनं फोन करून सांगितलं.

चौथ्या खेपेला पिंजरे साफ करताना मला औषधवाल्यांच्या भुशात खुराकाचा चुरा फार दिसला. आठवडाभर चाळून तोलला. ते निम्मंच खात होते.

"पोरी, औषध कडू आहे," मी म्हणालो. "त्यांनी खाणंच टाकलंय. विषही निम्मंच पोटात गेलं, म्हणून यकृत बरं दिसतं."

"वजनं तर मी बघत होते."

"त्या खुराकानं सगळेच वाळतात. त्यात काय कळणार?"

"आणि देझोकाका, तुम्हाला हे आत्ता दिसलं? दोन वर्षांनी?"

"सांडलवंड समजून झाडून टाकत होतो."

 ती म्हणाली, "तुमच्या झाडूलाच पदवी द्यायला हवी होती. दोन वर्षं त्यालाच सगळं दिसत होतं."

मला लागलं. चूक माझीही होती.

पुढच्या खेपेला औषध नळीनं थेट पोटात सोडलं, खुराक सगळ्यांना सारखा. सहा आठवड्यांनी यकृतं तपासली. दोन्हीकडे सारखेच वण. तिनं यकृतांच्या कापांच्या काचपट्ट्या मिसळून, नावं झाकून वण पुन्हा मोजले. तेच.

लोरिंत्स मास्तरांना तिनं बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे उंदरांनी कॉपी केली," मास्तर म्हणाले.

"कॉपी मी केली. उत्तर हवं तसं आलं म्हणून तपासलंच नाही."

"मग आता दुसरं औषध?"

"आहे एक. पण आशा लावून घेऊ नका, मास्तर. मला परत तुम्हाला असं बोलवायचं नाहीये."

"आशा माझी मी बघेन," ते मनगट खाजवत म्हणाले. "तू तेवढं खाणं तोल."

आता ती रोज सकाळी स्वतः भुसा चाळते. माझ्याशी कामापुरतंच बोलते. नव्या औषधाचे उंदीर पोटभर खातायत, आणि अजून तरी आजारीच आहेत.