नमनाच्या पुढे

दत्तात्रेयबुवांना अर्धांगाचा झटका आला तो माघात, आणि त्याच आठवड्यात त्यांच्या घरचा कॉम्प्युटर टकटक करायला लागला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही हे मला कळतं. छत्तीस वर्षं रेल्वेत आणि एकतीस वर्षं बुवांच्या मागे पेटीवर काढलेला माणूस आहे मी, भाबडा असलो तरी अडाणी नाही. पण इंदूवहिनी चहा घेऊन आल्या आणि तो आवाज ऐकून दारातच थबकल्या, तेव्हा त्यांच्या मनात काय आलं ते मला न सांगताच समजलं.

बुवांची वाचा गेली, उजवा हात गेला. ऐकू सगळं येतं, उमजतं सगळं, पण शब्द तोंडातून निघत नाही आणि बोटांतूनही उतरत नाही. काशीतल्या मराठी घरांची रामनवमी ज्यांच्या कीर्तनाशिवाय कधी झाली नाही, त्यांच्या गळ्यातून आता नुसता वारा येतो. डावा हात मात्र अजून ताल धरतो.

त्यांचा आवाज उरला होता तो त्या कॉम्प्युटरच्या पोटात. एक्केचाळीस कीर्तनं. चौदा वर्षांपूर्वी घरातल्या कॅसेटींवरून ती त्यात उतरवली आणि कॅसेटी लाल फडक्यात बांधून गंगेत सोडल्या. आमच्यात तसंच आहे. जीर्ण पोथी, भंगलेली मूर्ती, देवाचं नाव ज्यात राहिलं ते काहीही, भंगारवाल्याच्या तराजूत घालायचं नाही. आख्यानं बुवांनी कधी लिहून ठेवली नाहीत आणि दुसरी प्रत कुणाकडे नाही. कीर्तनात कुणी मोबाईल वर धरला की बुवा चिपळ्या थांबवून म्हणायचे, "यजमान, आधी तो डोळा मिटा, मग मी तोंड उघडतो." लोक हसायचे आणि मोबाईल खिशात जायचा.

यंदा त्यांची मुलगी मैत्रेयी उभी राहणार होती. मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवते ती. उत्सवाचे पंच म्हणाले होते, एक वर्ष भजनी मंडळाची कॅसेट लावू. ती म्हणाली, "बाबांच्या जागी कॅसेट नाही लागणार. मी ऐकून ऐकून बसवते." पाडव्यापासून रोज दुपारी एक आख्यान अखंड ऐकायचं आणि नवव्या दिवशी उभं राहायचं, असा तिचा बेत. पण कॉम्प्युटर सुरू व्हायलाच अर्धा तास घ्यायचा, आणि सुरू झाला की टकटक करत गोठायचा.

आम्ही तो चादरीत बांधून निघालो. दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत सायकलरिक्षासुद्धा शिरत नाही, तेव्हा एक टोक माझ्याकडे, दुसरं मैत्रेयीकडे. वळणावरचा पानवाला ओरडला, "का हो पंडितजी, किसकी मिट्टी ले जा रहे हैं?" इथं प्रेताला मिट्टी म्हणतात. मैत्रेयी हसली. "काका, हसा ना, चेष्टा केली त्यानं." मला काही हसू आलं नाही.

ब्रह्माघाटाच्या वळणावर यज्ञेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. पुरोहितांच्या घरातला, चाळिशीचा, घरी मराठी आणि दुकानात हिंदी. त्यानं झाकण उघडलं तर आत बोटभर धूळ आणि पंख्याच्या पात्यांना उदबत्तीचा चिकट थर. घरी त्याच्या बाजूलाच देव्हारा होता ना.

"काका, ये तो यज्ञकुंड है, कॉम्प्युटर थोडी है," तो म्हणाला. मग डिस्कवर कान ठेवून बराच वेळ ऐकत राहिला. हसणं मावळलं. "ही डिस्क आता जायला टेकलीय. किती दिवस, ते नाही सांगू शकत."

"नवीनच घ्यावा का?" मैत्रेयीनं विचारलं.

"दीदी, नवा घ्यायचा तर तीस हजार धरा. तुमच्याकडे किती आहेत?"

"सहा. फार तर साडेसहा."

यज्ञेशनं डोकं खाजवलं. मग एकेक भाग पुढ्यात मांडत गेला. डबा तोच, बोर्ड तोच. जुनी रॅम काढून तिच्या जागी दुप्पट, पण वापरलेली. मशीन झटकन सुरू व्हावं म्हणून छोटी नवी एसएसडी. कीर्तनं तिच्यात मावणार नव्हती, त्यांच्यासाठी एक मोठी डिस्क, तीही सेकंडहँड, पण तपासलेली. वीजपुरवठ्याचा डबा मात्र नवा. "यात कंजूसी नको, जळला तर सगळं घेऊन जाईल."

"आणि कीर्तनं?"

"जुनीवरून नवीवर उतरवतो. दिल्लीत लॅब आहेत, आजारी डिस्क उघडून काढतात, पण तिथं तुमचे सहा हजार फक्त दार उघडायला जातील. मी माझ्या परीनं बघतो."

तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी तो स्वतः मशीन घेऊन घरी आला. बुवांना खुर्चीत बसवलं होतं. बटण दाबलं आणि वहिनींनी हात जोडेपर्यंत पडदा उजळलासुद्धा. बुवांच्या डोळ्यांत असं काही चमकलं की वहिनींनी पदर तोंडाला लावला.

यज्ञेशनं फोल्डर उघडलं. एक्केचाळीस नावं, एकही कमी नाही. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी डिस्क त्यानं माझ्या हातात दिली.

"काका, नीट ऐका. कॉपी झालीय, पण ही मध्ये मध्ये अडकत होती. तासन् तास अडून बसायची. तिथं मला जबरदस्तीनं पुढं ढकलावं लागलं. अडली त्या जागी काय उतरलंय, ते ऐकल्याशिवाय कळणार नाही. प्रत्येक कीर्तन उघडा, मधे दाबा, शेवटी दाबा, दहा दहा सेकंद ऐका. सगळं ठीक असेल तरच हिला फेका. तोपर्यंत जपून ठेवा."

"फेका काय रे," वहिनी म्हणाल्या. "देवाचं नाव आहे त्यात."

"तसं नाही काकू. मला द्या हवं तर, भंगार म्हणून बिलातले दोनशे कमी करतो."

वहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं गुपचूप आपली पिशवी उचलली.

आता इथं आमची चूक झाली, आणि ती आमच्यासारखी माणसंच करू शकतात. दुसऱ्या दिवशी मी आणि वहिनी तपासायला बसलो. मैत्रेयी शाळेत होती. पहिलं लावलं. नमन सुरू झालं. बुवांचा तो भरदार आवाज, मागे माझी पेटी, झांजेचा किणकिणाट. अंगावर काटा आला. मी म्हणालो, "वहिनी, आता मधे दाबायचं."

"मधे म्हणजे? आख्यानात?"

"हो. दहा सेकंद."

"आणि मग बंद? सीतामाईला वनात उभी करून आपण खटका बंद करायचा? भावजी, आपल्याकडे आरती झाल्याशिवाय चप्पल घालून कुणी उठत नाही."

खरं सांगतो, मलाही ते पटलं. एकतीस वर्षांत मी आख्यानातून उठलो नाही. एकदा एकशे दोन ताप होता, तरी आरतीपर्यंत भाता हलवत राहिलो. उघडलेली कथा पुरी करावी लागते, नाहीतर ती ऐकणाऱ्याच्या घरात अर्धवट फिरत राहते, असं आमचे जुने लोक सांगत. पुरी ऐकायची तर एकेक तीन तासांचं. एक्केचाळीस कधी व्हायची?

"नमन ऐकूया सगळ्यांचं," वहिनी म्हणाल्या. "नमनात थांबलं तर दोष नाही. कथा अजून सुरू झालेली नसते."

दोन दुपारी आम्ही नमनं ऐकली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस स्वच्छ. बुवा खुर्चीत डोळे मिटून डाव्या हातानं मांडीवर ताल धरत होते. प्रत्येक नमन संपलं की मी बंद करायचो, आणि त्यांचा हात पुढच्या समेसाठी उचललेला तसाच हवेत राहायचा. दोनदा त्यांनी माझ्याकडे पाहून घशातून आवाज काढला. पुढचं ऐकायची इच्छा असेल, असं आम्ही धरलं. "पाडव्यापासून सगळं ऐकायचंय हो," वहिनी त्यांना म्हणाल्या.

फाल्गुनातली अमावास्या आली. वर्षभरात जीर्ण झालेलं आमची घरं त्या दिवशी गंगेला देतात, पाडव्याला घरात काही जुनं पडून राहू नये म्हणून. वहिनींनी डिस्क वर्तमानपत्रातून काढली, लाल फडक्यात बांधली, वर तुळशीचं पान ठेवलं. माझ्या मनात यज्ञेशचं बोलणं आलं नाही असं नाही. पण तपासलं होतं की आम्ही. नमन चांगलं तर पुढचं का बिघडेल? कॅसेटींच्या वेळी तरी काय बिघडलं?

नाववाला म्हणाला, "पंडितजी, अब गंगा मइया भी कंप्यूटर चलाएंगी?" मी त्याला भर धारेत न्यायला सांगितलं. काठाशी सोडलं तर मुलं बुडी मारून काढतात आणि विकतात. मी फडकं दोन्ही हातांनी पाण्यावर धरलं आणि सोडलं. फूल तरंगतं, पोथीसुद्धा थोडी रेंगाळते. हे दगडासारखं गेलं. बुडबुडासुद्धा आला नाही.

पाडव्याला दुपारी मैत्रेयी वही घेऊन बसली. गुढी उभारली होती, श्रीखंडाचं जेवण झालं होतं. बुवांना नवं उपरणं घातलं होतं. तिनं रामजन्माचं आख्यान निवडलं, नवमीला तेच करायचं होतं. नमन झालं. बुवांनी स्पीकरमधून "आता श्रोतेहो" म्हणून आवाज खाली आणला, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं, जणू शेजारच्या माणसाच्या कानात सांगताहेत. अयोध्येचं वर्णन सुरू झालं. शरयूचं पाणी, राजाची एकच सल. बारा मिनिटं.

आणि आवाज बंद पडला.

पडद्यावरची रेघ पुढे सरकत होती, मिनिटं मोजली जात होती. मैत्रेयीनं स्पीकरची वायर हलवली, आवाज वाढवला. नुसती पोकळी. तिनं रेघ पुढे ओढली. अर्धा तास, एक तास, दोन. मधेच कुठं तरी पेटीचे दोन सूर आणि बुवांचा "कौ..." एवढाच तुकडा, मग पुन्हा काही नाही.

"काका, तुम्ही तपासलं होतं ना?"

तिनं दुसरं लावलं. नमन, थोडा पूर्वरंग, मग शांतता. तिसरं. चौथ्यात पूर्वरंगही सुरू झाला नव्हता. बुवा प्रत्येक वेळी नमनाला ताल धरायचे आणि आवाज गेला की हात थांबायचा. सातव्याला त्यांनी हात उचललाच नाही.

यज्ञेशला फोन केला. तो धावत आला, दहा-बारा फायली पाहिल्या आणि सरळ माझ्याकडे वळला. "जुनी द्या काका. मी कर्ज काढतो हवं तर, दिल्लीला पाठवू. जुनीत असणार सगळं."

वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या. मी सांगितलं. यज्ञेशनं पायात चपला सरकवल्या. मग म्हणाला, "कुठं?"

आम्ही घाटावर गेलो. पाणबुड्याला विचारलं. तो पाय पाण्यात सोडून बसला होता. "बीच धार में?" त्यानं नदीकडे पाहून मान हलवली. "वहाँ नीचे बस बालू चलती है, बाबा. आज की चीज कल वहाँ नहीं मिलती."

परत आलो तेव्हा मैत्रेयीनं कॉम्प्युटर बंद केला होता. रडून झालं होतं तिचं. वहीचं कोरं पान पुढ्यात होतं.

"काका," ती म्हणाली, "यात थोडंफार आहे, बाकीचं तुम्हाला येतं. एकतीस वर्षं तुम्ही बाबांच्या मागे बसलात. रामजन्म तर दरवर्षी. तुम्ही सांगा, मी लिहिते. आठ दिवस आहेत."

मी बुवांच्या शेजारी बसलो आणि डोळे मिटले. अयोध्या झाली, राजाची सल झाली. पुढे मला स्पष्ट ऐकू येत होतं की इथं बुवा पंचमावर थांबतात, इथं मी सूर धरून ठेवायचा, इथं त्यांचा उजवा हात उठला की लय दुप्पट. सगळे सूर जागच्या जागी होते. शब्द एकही नव्हता. एकतीस वर्षं मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. कथा मी कधी ऐकलीच नव्हती, ती माझ्या कानांवरून निघून जात होती आणि मी तिला नुसते सूर देत होतो.

डोळे उघडले तर बुवा माझ्याकडे पाहत होते. त्यांना कळलं होतं. ते मला नेहमीच माझ्याआधी ओळखायचे. त्यांचा घसा हलला आणि वारा बाहेर आला.

"आठवतं ना, काका?" मैत्रेयीनं पेनाचं टोपण काढलं.

"आठवतं," मी म्हणालो. "लिही."