‘घोडी लाजनी’ आणि मी

मित्रांनो, मी बेंजो. जुना म्हणालात तर चालेल, भंगार म्हणालात तर मात्र राग येईल.

नंदुरबारच्या एका सुताराने मला सागाच्या फळीतून घडवलं. कचेरीतला एक टाइपरायटर मोडीत निघाला होता, त्याची बटणं त्याने माझ्या अंगावर बसवली. म्हणून माझ्या बटणांवर अजूनही ‘क’, ‘ट’, ‘ळ’ अशी अक्षरं दिसतात. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या, आणि माझ्या पोटातून निघालेली वायर भोंग्याच्या मशीनला जोडायची. एवढं केलं की मी असा वाजायचो, की नवरदेवाचा आजोबासुद्धा काठी टाकून नाचायचा!

माझे मालक सुकलाल. तापीकाठी प्रकाशाला राहतात आणि लग्नात बॅन्ड वाजवतात. सगळा गाव त्यांना तात्या म्हणतो. ऐन लग्नसराईत शहाद्यापासून सारंगखेड्यापर्यंत आम्हाला मागणी असायची. वरात निघाली की बायका विचारायच्या, "सुकलालना बेंजो शे ना?" असेल तरच त्या नाचायला उतरायच्या. मीही मग फुशारून दोन सूर जास्तच काढायचो. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मला कुणाचाही हेवा वाटत नव्हता.

हेवा आला तो त्या गाण्याबरोबर.

तात्यांना एक भाचा आहे, नवनीत. गळा गोड, अंगात हौस. एके सकाळी तात्या ओट्यावर बसून माझ्यावर काहीतरी छेडत होते. एकदम एक चाल सापडली. अशी नखरेल, की वाजवता वाजवता तात्या स्वतःच मान डोलवायला लागले. नवनीतने तिथल्या तिथे शब्द जोडले, ‘देख मन्ही चाल वं, घोडी लाजनी!’ आणि मोबाइलमध्ये सगळं भरून घेतलं. मी मनात म्हटलं, चला, आता आपलं नाव होणार.

शहाद्यात अभिनंदन म्हणून एका कापडवाल्याचा मुलगा आहे. दुकानाच्या माडीवर त्याने गाणी भरायची खोली केली आहे. त्याच्याकडची तारीख ठरली. आणि नेमके त्याच आठवड्यात तात्यांच्या भावकीतले एक म्हातारे वारले. घराला सुतक लागलं.

तात्यांनी मला जुन्या फेट्यात गुंडाळलं. म्हणाले, "सुतकमा वाद्यले हात नही लावतस, भाचा. दहावं व्हऊ दे."

नवनीत पडला बहिणीचा मुलगा, दुसऱ्या कुळाचा. त्याला कसलं सुतक? म्हणाला, "मामा, तारीख ठरी गयी. चाल ते तुमनीच शे ना! नाव तुमनंच ऱ्हाई."

गेला तो. अभिनंदनने मोबाइलवर माझी चाल ऐकली आणि आपल्या कीबोर्डवर वाजवली. मित्रांनो, हा कीबोर्ड म्हणजे काय, एक बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की सनई, आणि आणखी एक दाबलं की, अहो, बेंजो! माझा आवाज त्याच्या पोटात कुणी कोंबला कुणास ठाऊक. ना त्याला तार, ना नखी. आयत्या बिळावर नागोबा!

गाणं गाजलं. गाजलं म्हणजे किती? तर नवापूरपासून तळोद्यापर्यंत एकही हळद त्याच्याशिवाय लागेना. लोक म्हणायचे, "गाणं ते शेच, पन बेंजो काय वाजाडेल शे!" बेंजो! ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि गाण्याखाली नावं होती दोनच. गायक नवनीत, संगीत अभिनंदन.

पुढचं तर याहून वाईट. वरातीत लोक आमच्याकडेही त्याच गाण्याची फर्माईश करू लागले. तात्या जीव तोडून वाजवायचे. मी, ज्याच्या अंगावर ती चाल जन्मली तो मी, वाजायचो. आणि पोरं ओरडायची, "तात्या, असं नही शे ते! मोबाइलमा शे तसं वाजाडा!"

सांगा बरं, आईला कुणी म्हणतं का, की तू तुझ्या लेकरासारखी दिसत नाहीस?

एका लग्नात हे तिसऱ्यांदा ऐकलं आणि तात्यांनी मधेच नखी खाली ठेवली. घरी आले, मला फेट्यात गुंडाळलं आणि लोखंडी कपाटावर ठेवून दिलं. मामी, म्हणजे तात्यांची बायको दिवलीबाई, म्हणाल्या, "तोंड फुगाडी काबर बठनात? एक गाणं गये, दुसरं काढा!" मी वर धूळ खात पडलो. तारांवर गंज चढायला लागला.

कपाटावर मला एकच सुख होतं. नवनीतचं दुसरं गाणं पडलं. त्याने ‘बैल लाजना’ काढलं, पडलं. ‘ट्रॅक्टर लाजना’ काढलं, तेही पडलं. मग आईवर एक गाणं केलं. ते दिवलीबाईंनी मोबाइलवर लावलं तेव्हा मीही ऐकलं. चांगलं होतं. कबूल करताना जिवावर येतं, पण होतं चांगलं. ते कुणी ऐकलं नाही. नवनीत स्टेजवर ते सुरू करायचा आणि दुसऱ्या ओळीला खालून आरोळी यायची, "घोडी लाव, घोडी!" लोक त्याला नावानेही हाक मारत नव्हते. घोडीवाला म्हणायचे. मी गालातल्या गालात हसायचो. म्हटलं, घे! माझी चाल नेलीस ना? आता जन्मभर तीच चघळ.

मग यंदा सारंगखेड्याची यात्रा आली. घोड्यांचा बाजार भरला, स्टेज उभं राहिलं, नवनीतला बोलावणं आलं. तो घरी आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "मामा, स्टेजवर मन्हा बाजूले बठा. बेंजो मांडीवर ल्या. नुसता दिखावाले. वाजाडानं काम अभिनंदनभाऊ करी."

तात्यांचा चेहरा उतरला. माझ्या अंगाची तर लाही लाही झाली. माझ्या जागी कीबोर्ड वाजणार आणि मी नुसता नटून बसणार!

तात्यांनी कप खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "नाव पुकारशी का मन्हं?"

"पुकारसू ना, मामा! सगळास्नी आगोदर."

तात्या तयार झाले. बायकोला मात्र त्यांनी एवढंच सांगितलं, की यात्रेत माझा बेंजो आहे. खरं सांगायची लाज वाटली असावी. दिवलीबाईंनी सगळ्या गल्लीला सांगितलं, नवी साडी नेसल्या आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

मला पुसलं, चकाकवलं, झेंडूची माळ घातली. तारा? तारांकडे कुणी बघितलंच नाही. दिखाव्याच्या वाद्याचे सूर कोण लावतो?

संध्याकाळी मैदान गच्च भरलं. नवनीतने शब्द पाळला. "या गाणानी चाल जेस्नी करी, ते मन्हा मामा, सुकलाल तात्या!" टाळ्या पडल्या. तात्यांचे डोळे भरून आले. अभिनंदनने तिकडे कोपऱ्यात सुरुवात केली, तात्यांची बोटं इकडे माझ्या बटणांवर फिरू लागली. आवाज त्याचा, बोटं आमची. लोक माझ्याकडे बघून शिट्ट्या मारत होते आणि त्या शिट्ट्यांतली एकही माझी नव्हती. एवढा हेवा मी उभ्या जन्मात केला नव्हता.

इतक्यात पहिल्या रांगेतून दिवलीबाई उठल्या. त्या बिचारीला काय ठाऊक? त्यांना वाटलं, काहीतरी चुकलं. तोंडाला हात लावून त्या ठणठणीत आवाजात ओरडल्या, "ओ नवनीत! तुन्हा मामानी वायर खाले लोंबी ऱ्हायनी! जोडेल नही शे!"

सगळं मैदान वळून माझ्या वायरीकडे बघायला लागलं. ती खरंच स्टेजवरून खाली लोंबत होती. आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग मागची रांग, मग सगळेच. अभिनंदनचा हात कीबोर्डवरच थांबला. दिवलीबाई तशाच उभ्या. लोक का हसतात ते त्यांना हळूहळू कळलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. तात्यांनी मान इतकी खाली घातली, की त्यांचा फेटा माझ्या तारांना लागला.

नवनीत घाम पुसत उभा होता. मग वाकला, माझी वायर उचलली आणि स्वतःच्या हाताने मशीनला जोडली. "वाजाडा, मामा," म्हणाला. "तुमनंच शे."

मित्रांनो, ज्याची मी इतकी वाट पाहिली तो क्षण हाच. तात्यांनी नखी उचलली, आवाज पूर्ण सोडला, आणि मारली!

टण्ण!

गंजलेली तार तुटली. एवढा मोठा आवाज झाला, की बाजारातले घोडे खिंकाळले. लोक पोट धरधरून हसले. अभिनंदनने घाईघाईने कीबोर्ड सुरू केला, गाणं झालं, माणसं नाचली. मी तात्यांच्या मांडीवर तुटकी तार लोंबवत पडून राहिलो.

कुणीतरी ते सगळं मोबाइलमध्ये टिपलं होतं. दुसऱ्या दिवसापासून जिकडे तिकडे तेच! आधी दिवलीबाईंचा आवाज, "वायर खाले लोंबी ऱ्हायनी!", आणि मग मी, टण्ण! डीजेवाले गाण्याआधी तो टण लावू लागले. शाळेतली पोरं एकमेकांना टण म्हणून हाका मारू लागली. मी गाजलो, मित्रांनो! ज्याच्यासाठी जीव जळत होता ती कीर्ती मिळाली, आणि ती कशाची? माझ्या सगळ्यात बेसूर आवाजाची.

नवनीत घरी आला तेव्हा मला वाटलं, आता चिडवेल. तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, "मामा, मन्हा आईना गाणाले इतला लोके नही उनात." मग थोड्या वेळाने, "आते लोके तुमले बी एकच मांगतीन." त्याच्या आवाजात हेवा होता. मला नीट ओळखू आला, इतकी वर्षं मी तोच तर पोसला होता.

तात्यांनी नंदुरबारहून नव्या तारा आणल्या आणि सूर लावले. लोक अजून येतात. दारातूनच म्हणतात, "तात्या, टण करा ना!" तात्या हसतात आणि नवी चाल सुरू करतात. लोक टणची वाट बघतात, तो येत नाही, मग निघून जातात. खरं सांगू? आता मला त्या टणचाच हेवा वाटतो. सगळ्यांना तोच हवा, मी कुणालाच नको.

परवा नवनीतने त्या नव्या चालीवर शब्द बांधले. ऐकायला दिवलीबाई तेवढ्या होत्या, पापडी निवडत. गाणं संपलं. त्यांनी मान वर केली नाही, नुसतं म्हणाल्या, "चांगलं शे. आखो एकदाव वाजाडा."

नवनीतने दोन्ही हातांनी डोळे पुसले. घोडी सोडून त्याचं एकही गाणं आजवर कुणी पुन्हा मागितलं नव्हतं.

म्हणून सांगतो, मित्रांनो. कधी प्रकाशाला आलात तर आमच्या ओट्यावर बसा. घोडी मागा, टण मागा, मी राग मानणार नाही. म्हणजे मानेन, पण गिळेन. एवढंच करा, ते झाल्यावर लगेच उठू नका.